हजारोंच्या वतीनं उपाशी

त्या हिवाळ्यात आमच्या जिल्ह्यातली गावं मी पहाटेच पाहिली. कामच तसं होतं. देशात किती लोकांना साखरेचा आजार आहे, याचा अंदाज काढण्यासाठी एक मोठं सर्वेक्षण चाललं होतं आणि त्यात बोटाचं रक्त घेऊन तपासायचं काम मला मिळालं होतं. रक्त घ्यायचं ते उपाशीपोटी. खेड्यातला माणूस उपाशीपोटी सापडतो तो पहिल्या चहाच्या आधी, तेवढ्याच वेळात. म्हणून आमची गाडी जालन्यातून झुंजुमुंजू व्हायच्या आधीच निघायची आणि गावात शिरायची तेव्हा चुली नुकत्या पेटत असायच्या.

त्याआधी तीन वर्षं मी शहरातल्या एका लहानशा लॅबमध्ये होते. तिथं माणसं आपल्या पायांनी यायची, हात पुढं करायची आणि मान दुसरीकडं वळवायची. मला बोलावं लागायचं ते "मूठ आवळा" आणि "कापूस दाबून धरा" एवढंच. ते मला बरं वाटायचं. मी मुळात कमी बोलणारी. शाळेत हजेरीला मी "हजर" म्हणाले तरी बाई पुन्हा एकदा माझं नाव घ्यायच्या. त्यामुळं दारोदार जाऊन लोकांना रक्त द्यायला राजी करायचं, हे काम मला फारच अवघड होतं.

गाडीत आम्ही तिघं. लोकांना प्रश्न विचारून माहिती भरायचं काम आपांचं. त्यांना सगळं ऑफिस आपाच म्हणायचं. पन्नाशी ओलांडलेल्या, जुन्या जालन्यातल्या. घरी उर्दू, बाहेर आमच्यासारखीच मराठी, आणि रंगात आल्या की दोन्हींची खिचडी. जनगणना, लसीकरण, शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या याद्या, असं दारोदारीचं एकही काम त्यांनी सोडलं नव्हतं. काळा बुरखा, त्यावर लेकाचं जुनं तपकिरी स्वेटर आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. कुत्रं भुंकलं तर मी गाडीत चढायची, आपा त्या कुत्र्याशी बोलायच्या.

तिसरे म्हणजे गाडी चालवणारे मामा. देह चांगला दणकट, आणि साखरेचे जुने पेशंट. त्यांच्या गोळ्यांची पट्टी समोरच्या खणात असायची आणि त्याच खणात चिक्कीचा पुडाही.

"रोज तुम्हाला साखर शोधायला दूर दूर नेतो," ते म्हणायचे, "आणि साखर इथं तुमच्या शेजारी गाडी चालवून राह्यली. मला मोजा की!"

"तुमचा नंबर न्हाई आला, मामा," आपा म्हणायच्या.

हा नंबरच सगळ्या कामाचा जीव होता. गावातल्या घरांची यादी करायची, तिच्यातून ठरलेल्या अंतरानं घरं निवडायची, आणि निवडलेल्या घरातला कोणता मोठा माणूस घ्यायचा ते टॅब सांगणार. तो माणूस मिळाला नाही तर शेजारचा घ्यायचा नाही. तीनदा जायचं. तीनदा जाऊनही नाही भेटला तर "भेटला नाही" अशी खूण करून पुढं. बदली माणूस चालत नाही, हे आमच्या साहेबांनी ट्रेनिंगमध्ये इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते झोपेतही ऐकू यायचं.

हसनाबादच्या पुढं, भोकरदन तालुक्यातल्या एका गावात आम्ही चार दिवसांसाठी गेलो. पहिल्याच सकाळी पाराजवळ गाडी थांबली आणि बातमी फुटली की साखर तपासणारे आलेत, पैसे लागत नाहीत. अर्ध्या तासात आमच्याभोवती गर्दी. सगळ्यांत पुढं गावचे एक जुने पुढारी. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाड फाईल.

"माझं घ्या," ते म्हणाले. "दहा वर्षं झाली मला. ही फाईल. पक्की शुगर हाय माझी, तपासायची बी गरज न्हाई. लिहा फक्त."

"काका, तुमचं घर यादीत न्हाई," आपा म्हणाल्या.

"अहो, तुम्ही शुगरवाले मोजायला आलात ना?"

"हां."

"मंग हा शुगरवाला तुमच्या म्होरं उभा हाय आणि तुम्ही त्याला मोजत न्हाई. आणि त्या पलीकडच्या गल्लीतल्या पोराला मोजणार, ज्याला काहीच न्हाई!"

लोक हसले. मला वाटलं, बोलणं बरोबर आहे की यांचं. आपांनी टॅब काखेत धरला आणि विचारलं, "काका, सोयाबीन मोंढ्यात नेता ना?"

"नेतो की."

"व्यापारी पोत्यात परखी खुपसून दाणे काढून बघतो. ती कुठं खुपसायची, हे तुम्ही ठरवता का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांनी ठरवलं तर वरचे चांगले दाणेच दाखवतील ना!" पुन्हा हसू. काकाही हसले. पण फाईल काही त्यांनी पिशवीत घातली नाही. चारही दिवस ते ती घेऊन आमच्या आसपासच होते, आणि निवडलेल्या घरांची वाट दाखवायला सगळ्यांत जास्त उपयोग त्यांचाच झाला.

यादीतलं सातवं घर गावाच्या कडेला, धनगरवाड्यात होतं. पत्र्याचं, शेणानं सारवलेल्या अंगणाचं. अंगणात एक आजी लोकरीचा गुंता सोडवत बसलेल्या. घरात त्या, त्यांचा नवरा, मुलगा आणि सून. आपांनी नावं, वयं भरली, टॅबवर बोट ठेवलं आणि टॅबनं निवडलं ते आजोबांना.

"ते तर मेंढ्या घेऊन गेल्ते, मघाच," आजी म्हणाल्या. "त्यांना काय करता? दिवसभर चालून राह्यलेत, सत्तरी झाली तरी. काही होत न्हाई त्यांना. माझं घ्या. मला रातीतून चारदा उठावं लागतंय. घसा सुकतोय."

मी आणि आपांनी एकमेकींकडं पाहिलं. रात्रीतून चारदा उठणं, घशाला कोरड. लॅबमध्ये हे ऐकलं असतं तर मी लगेच सुई उचलली असती. पण इथं यंत्रात जाणारी पट्टी मोजून दिलेली, आणि नंबर आजोबांचा.

"आजी, तुम्ही दवाखान्यात दाखवून घ्या," मी हळूच म्हणाले.

"बघू की," आजी म्हणाल्या. त्या "बघू"चा अर्थ मला चांगला कळत होता. माझी आईही तसंच म्हणते.

गाडीत बसल्यावर मी आपांना विचारलं, "शेवटच्या दिवशी आपलं काम संपल्यावर बाकीच्यांचं तपासायला काय हरकत आहे?"

आपांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. महिनाभरात मी स्वतःहून काढलेलं ते पहिलंच एवढं लांब वाक्य असावं. "साहेबाला फोन कर," त्या म्हणाल्या.

"तुम्ही करा ना."

"तुला सुचलंय. तूच कर, बेटा."

मी फोन केला. दोनदा साहेबांना ऐकू गेलं नाही, तिसऱ्यांदा गेलं. साहेब म्हणाले, "निवडलेली सगळी घरं पूर्ण झाल्यावर. जादा पट्ट्यांची मुदत तशीही संपत आलीय. पण टॅबमध्ये एकाचीही नोंद नको." मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर माझे कान गरम झाले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही धनगरवाड्यात सगळ्यांत आधी गेलो. आजोबा घरी होते. उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. निघायच्या बेतातच होते.

"बाबा, सकाळपासून काही खाल्लं का?" मी विचारलं.

"काही न्हाई. निव्वळ उपाशी."

"चहा?"

"चहा घेतला की. गुळाचा. दोन बशा."

मी सुई खाली ठेवली. आपांनी कपाळाला हात लावला.

"चहाला काय जेवण म्हणतेत का?" आजोबा म्हणाले.

"त्यात गूळ आहे ना, बाबा. आकडा चुकतो."

"चुकू द्या थोडा. एका म्हाताऱ्याचा आकडा इकडं तिकडं झाला तर देशाचं काय बिघडतंय?"

तेव्हा आपा त्यांच्यासमोर उंबऱ्यावर बसल्या. "बाबा, एका म्हाताऱ्याचा आकडा न्हाई हा. सगळ्या देशाला तर सुई टोचता येत न्हाई. म्हणून थोडी माणसं निवडली. तुमच्या एका बोटावर तुमच्यासारख्या हजारो माणसांचा अंदाज लागणार आहे. ती माणसं कुठंकुठं असतील, त्यांना ठाऊक बी न्हाई. त्यांच्या वतीनं तुम्ही."

काठीवरचा हात त्यांनी बदलला.

"हजारो?"

"हां."

"आणि त्यांच्या वतीनं मी एकटाच?"

"तुमच्या वाट्याचे जे आहेत त्यांच्या वतीनं तुम्ही एकटेच. दुसरा चालत न्हाई."

"मंग हे काल सांगायचं ना!" आजोबा एकदम चिडले. "एवढं मोठं काम, आणि मी चहा पिऊन बसलो! बिलकुल घेतला नसता." मग आजीकडं वळून म्हणाले, "तू तरी सांगायचंस."

आजी लोकर सोडवत म्हणाल्या, "मला काय ठाऊक तुम्ही एवढे मोठे झालात ते?"

त्याच रात्रीपासून त्यांच्या मेंढ्या ओढ्यापलीकडं एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी बसवायच्या होत्या. मुक्काम तिथंच. "तिथं या," आजोबा म्हणाले. "उपाशी राहतो. शब्द."

त्या संध्याकाळी दिवेलागणीला आपांचा फोन वाजला. आजोबाच होते. "जेवण झालं. आता पाण्याबिगर काही न्हाई. तंबाखू चालती का?"

"न्हाई चालत, बाबा."

पलीकडं एक मेंढी ओरडली.

"बरं," आजोबा म्हणाले आणि फोन ठेवला.

तिसऱ्या सकाळी ओढ्यापर्यंत गाडी गेली, पुढं आम्ही बांधाबांधानं चालत. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला हरभऱ्याचं हिरवंगार रान, मधल्या मोकळ्या वावरात जाळीच्या कुंपणात मेंढ्या दाटीवाटीनं बसलेल्या. धनगर त्या जाळीला वाघूर म्हणतात. दोन कुत्री अंगावर आली, मी आपांच्या मागं लपले, आणि आजोबांच्या एका हाकेसरशी कुत्री जागेवर बसली.

आजोबांना पाहून मी थांबलेच. दाढी केलेली. धुतलेलं पांढरं धोतर, पांढरी बंडी आणि डोक्याला लाल पटका. घोंगडी जमिनीवर चारी बाजूंनी सारखी करून अंथरलेली, आणि आजोबा तिच्यावर मांडी घालून असे बसलेले, जसा नवरदेव पाटावर बसतो.

"काल सांजेपासून काही न्हाई," ते म्हणाले. "तंबाखू बी न्हाई. सकाळी दोघं जण चहा घेऊन आल्ते, परत धाडले."

मी बोट पुसलं, सुई टोचली. त्या बोटाची कातडी इतकी कडक की दुसऱ्यांदा टोचावं लागलं. आजोबांनी डोळाही मिटला नाही. यंत्रावर आकडा आला, आपांनी टॅबमध्ये घातला. मग मी ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून त्यांच्या हातात दिली. आमच्या तपासणीचा हा दुसरा भाग होता. हे गोड पाणी प्यायचं, दोन तास एका जागी बसायचं आणि मग पुन्हा रक्त द्यायचं. शरीर ती साखर कशी पचवतं, ते त्यावरून कळतं.

आजोबांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बुंदीचा पाक पाजून राह्यली का काय?"

"पाच मिनिटांत संपवायचं, बाबा."

संपवलं. मिशी पुसली. "आता?"

"आता दोन तास बसायचं. चालायचं नाही, खायचं नाही. उठायचंही नाही."

"दोन तास?" या गोष्टीची त्यांना कल्पना नव्हती. "अगं, मी दोन तास कधी बसलोच न्हाई. जल्मात न्हाई. लगनात बी न्हाई."

पण ते बसले. ऊन वर येऊ लागलं. आपांनी त्यांना प्रश्नावलीतले प्रश्न विचारले. रोज किती चालता, या प्रश्नाला ते म्हणाले, "गोदावरीपर्यंत जातो आणि परत येतो." आपा म्हणाल्या, "बाबा, मिनिटांत सांगा." त्यावर त्यांचा बराच वेळ हिशेब चालला. त्यांचा मुलगा पाण्याचे हंडे घेऊन मोटारसायकलवरून गावात गेला होता. रानात आम्ही चौघंच. तासभर झाला असेल.

तेवढ्यात एका मोठ्या एडक्यानं जाळीच्या खुंटीला धडक दिली. खुंटी उपटली, जाळी लोळली आणि पाणी फुटावं तशा मेंढ्या बाहेर पडल्या. समोर हरभऱ्याचं रान. आजोबा ताडकन अर्धे उठले.

"बाबा, उठू नका!"

ही आरोळी इतकी मोठी होती की आपा आणि मामा, दोघांनी मागं वळून पाहिलं. कुत्रीही दचकली. आरोळी माझी होती. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

"अगं, लोकाचा हरभरा खाऊन राह्यल्या त्या!"

"तुम्ही धावलात की आकडा गेला. पुन्हा उपाशी, पुन्हा दोन तास. आणि आज तिसरी वेळ आहे, यापुढं नाही. बसा! आम्ही आणतो मेंढ्या."

आजोबांनी मेंढ्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरले आणि खाली बसले. "बरं, पळा मंग! उजवीकडून! उजवीकडून!"

आम्ही पळालो. मामा सगळ्यांत पुढं, आणि त्यांचं चुकलं ते तिथंच. ते मेंढ्यांच्या पुढं जाऊन हात हलवत धावत होते, आणि मेंढ्यांना वाटलं की हाच आपला पुढारी. साऱ्या त्यांच्या मागं लागल्या. मामा जितके जोरात पळत, तितक्या मेंढ्या जोरात त्यांच्या मागं, हरभऱ्याच्या मधोमध.

"ए डायवर!" आजोबा घोंगडीवरून ओरडले. "म्होरं नको पळू! माघं हो! त्या तुला बाप समजून राह्यल्या!"

आपांनी बुरख्याचा घेर कमरेला खोचला, पडलेली तुरीची एक काटकी उचलली आणि बांधावरून वळसा घालून गेल्या. जिभेनं टक टक असा आवाज काढत त्यांनी कळपाची कड अशी काही दाबली की मी बघतच राहिले. "लहानपणी आमच्या अब्बांच्या वीस बकऱ्या व्हत्या," त्या ओरडून मला म्हणाल्या. "तू तिकडून ये! हात पसर!" मी हात पसरून ओरडत निघाले. काय ओरडत होते ते मला आठवत नाही. "मूठ आवळा" म्हणाले असेन तरी नवल नाही. मागून आजोबांच्या हाका चालूच होत्या. एडक्याला धर, त्या काळीला सोड, ती आपोआप येती. ते बसल्या जागी कमरेपासून वर इकडून तिकडं डोलत होते, पण खाली घोंगडीला चिकटलेले.

एवढ्यात हरभऱ्याचा मालक मोटारसायकलवरून आला. गाडी बांधावर टाकून तो आजोबांवर धावून गेला. "मेंढ्या माझ्या रानात आणि तू इथं पटका बांधून बसलाय?"

"मला उठता येत न्हाई," आजोबा शांतपणे म्हणाले. "सरकारी काम हाय. मी हजार माणसांच्या वतीनं बसलोय. अजून अर्धा तास. त्या बाईला विचार."

मालकानं माझ्याकडं पाहिलं. मी धापा टाकत, सुईच्या पेटीसकट, अंगभर गवताच्या काड्या लागलेली. मी मान हलवली. तो क्षणभर गोंधळला, मग चपला काढल्या आणि आमच्याबरोबर मेंढ्या वळवायला लागला. चौघांनी मिळून त्या आत घातल्या. खुंटी मामांनी दगडानं ठोकली आणि तिथंच बसकण मारली. त्यांची अवस्था पाहून आजोबांना हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मालकही हसला. नुकसान फार नव्हतं, कडेचे दोनचार वाफे. "मेंढ्या बसव एक रात माझ्या मोकळ्या वावरात, खत होईल," तो म्हणाला आणि आजोबांनी बसल्या बसल्या मान डोलावली.

दोन तास झाले त्या मिनिटाला मी दुसरं रक्त घेतलं. आकडा आला. पहिला चांगला होता, दुसराही चांगला.

"मंग? मी पास का?"

"पास, बाबा. बिलकुल."

"आणि ते हजार? ते बी पास?"

मी आपांकडं पाहिलं, पण या वेळी आपा मामांना पाणी देत होत्या. मीच सांगितलं. तसं होत नाही, म्हणाले. दुसऱ्या गावात, शहरात अशीच माणसं निवडलीत, त्यांच्यात कुणाला साखर निघेल, कुणाला नाही. सगळ्यांची मिळून बेरीज झाली की देशात साधारण किती जणांना हा आजार आहे ते कळेल. एकट्या कुणावरून काही कळत नाही, पण एकटा एक जण गाळला तरी चालत नाही.

आजोबांनी विचार केला. "म्हणजे कळपातल्या चार मेंढ्या बघून कळपाचं सांगायचं."

"हो. पण त्या चार कोणत्या, हे मेंढपाळानं ठरवायचं नाही."

"बराबर," ते म्हणाले. "मी ठरवलं असतं तर चांगल्याच दावल्या असत्या." मग ते उठले, पाय झाडले आणि पहिलं काम काय केलं तर बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली.

पुढं खूप दिवसांनी त्या सर्वेक्षणाचा अहवाल निघाला, तेव्हा मी तो मोबाइलवर उघडून पाहिला होता. लांबलचक तक्ते, प्रत्येक राज्याची एक ओळ, प्रत्येक आकड्याला दशांश चिन्ह. आपल्या ओळीवर माझं बोट बराच वेळ थांबलं. कुणाला ती ओळ कोरडी वाटेल. मला त्या दशांशाच्या आत गुडघे धरून बसलेला एक माणूस दिसत होता.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत यादीतली सगळी घरं पूर्ण झाली. एकाही घरापुढं "भेटला नाही" अशी खूण नव्हती. मग शाळेच्या व्हरांड्यात दोन बाकं मांडली आणि बाकीच्यांसाठी तपासणी सुरू केली. ही सर्वेक्षणाबाहेरची, नुसत्या अंदाजापुरती, म्हणून इथं उपाशीपोटाची अट नव्हती. फाईलवाले काका पहिले. त्यांची साखर त्यांनी सांगितली होती तशीच निघाली आणि त्यांनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडं पाहिलं. रांग फाटकापर्यंत गेली. मी एकेकाला बोलावत होते, बसवत होते, आकडा समजावून सांगत होते. आपा बाजूला बसून शेंगा सोलत होत्या आणि मधूनमधून माझ्याकडं बघून हसत होत्या.

आजी आल्या त्या दोन्ही हात पदरात धरून. मागं आजोबा, मेंढ्या मुलावर सोपवून आलेले. आजींचा आकडा जेवणानंतरच्या हिशेबानंही खूप वर गेला. मी खात्रीसाठी दुसऱ्या बोटाचं घेतलं. तोही तसाच.

"आजी, तुम्हाला साखर आहे," मी म्हणाले.

आजोबा माझ्यावरच रागावले. "हिला कशी असंल? ही एका जागी कधी बसत न्हाई. आमच्या घरात गोड येतंय ते दिवाळीला!"

मी त्यांना समजावलं की हा आजार गोड खाणाऱ्यालाच होतो असं नाही, कष्ट करणाऱ्यालाही होतो, आणि वेळेत कळला की गोळ्यांनी ताब्यात राहतो. रात्री उठणं, घसा सुकणं, सगळं त्यामुळंच.

आजी ऐकत होत्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे रातीचं उठणं ह्यामुळं?"

"हो."

"दुसरं काही न्हाई?"

"नाही."

आजींनी मोठा श्वास सोडला आणि त्यांचा चेहरा उजळला. "मला वाटलं, मला कुणी तरी धरलंय. दोन वर्षं झाली, कुणाला बोलले न्हाई मी." मग नवऱ्याच्या दंडावर चापट मारून हसल्या. "साखर हाय म्हणं निव्वळ. मोठ्या लोकांचा आजार!"

मी चिठ्ठी लिहून दिली. आपांनी सुनेला बाजूला घेऊन सरकारी दवाखान्यात कोणत्या दिवशी जायचं, काय काय न्यायचं ते तीनदा सांगितलं आणि तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

त्यानंतर आम्ही अंबडकडच्या गावांत गेलो. अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या आसपास काम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. रस्त्यानं उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा वास. आम्ही एका झाडाखाली डबे उघडून बसलो होतो. आपांच्या डब्यात कबाब, माझ्या डब्यात पिठलं-भाकरी, मामांसमोर दोन्ही. आपांचा फोन वाजला. आजी होत्या. आपांनी स्पीकर लावला.

गोळ्या चालू झाल्या होत्या. आकडा खाली आला होता, सुनेनं कागदावर लिहून ठेवला होता. घसा सुकत नाही. भाकरी ज्वारीचीच, ती तर आधीपासूनच होती.

"झोप लागते का आता?" मी विचारलं.

"अगं पोरी, रातभर झोपून राह्यले. एकदा आडवी झाले की सकाळच. पण म्हातारं रोज भांडतंय."

"का हो?"

"म्हणतंय, आधी तू चारदा उठायचीस, तर मेंढ्यांवर चारदा नजर पडायची. आता तू घोरतीस आणि मलाच उठावं लागतंय."

मागून आजोबांचा आवाज आला, "खोटं न्हाई ते!" मामांना हसताना ठसका लागला आणि आपा एका हातानं त्यांची पाठ चोळत, दुसऱ्या हातात फोन धरून आजींना विचारू लागल्या की यंदा कोकरं किती झाली.